भरतीने अडवलं तर

हाजी अलीला जायचं असेल तर आधी तिथी बघावी. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत दुपारी बाराच्या सुमाराला समुद्राला उधाण असतं आणि किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंतची सुमारे अर्ध्या किलोमीटरची वाट पाण्याखाली जाते. मग रोज भरती पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. मी पंढरपूरची. लेकीकडे आले की महालक्ष्मी स्टेशनला उतरते आणि रेसकोर्स उजव्या हाताला ठेवून केशवराव खाड्ये मार्गाने चालत येते. टॅक्सी मिळते, पण वीसेक मिनिटांची तर वाट. चौकातून डावीकडे, भुलाभाई देसाई मार्गावर महालक्ष्मीचं देऊळ. समोर समुद्रात दर्गा.

परवा पोहोचले तेव्हा ओहोटी नुकती लागली होती. पाणी एकदम जात नाही. आधी लाटा वाटेवरून पलीकडे जायच्या थांबतात, मग मधला भाग ओला, काळा दिसायला लागतो. खळग्यांत पाणी राहतं, कडेला शेवाळ. गुलाबांची टोपली आणि हिरवी चादर घेतलेलं कुटुंब, कडेवर पोर असलेली बाई, मोठ्या गाडीतून उतरलेले एक गृहस्थ, सगळेच खोळंबले होते. गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते. पण समुद्रापाशी वशिला चालत नाही.

देवाच्या वाटेवर अडवणूक झाली तर ती कधी मुकाट्याने मानायची आणि कधी नाही, हा प्रश्न मला तिथे उभ्याउभ्या पुन्हा छळू लागला. चंद्रभागेला पूर आला की वाळवंटातलं पुंडलिकाचं देऊळ पाण्यात जातं. आम्ही घाटावरूनच हात जोडतो आणि घरी येतो. त्यात माझ्या आईला कधी अन्याय दिसला नाही, मलाही नाही. पण त्याच गावात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. नदीचा पूर आणि ते बंद दार, दोन्हींना ‘देवाची इच्छा’ म्हणणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. मला ते तेव्हाही पटलं नाही. पूर सगळ्यांना अडवतो आणि ओसरतो. माणसाने घातलेली बंदी माणसं निवडून अडवते, आणि कुणीतरी झगडल्याशिवाय ती उठत नाही. तिच्यावर देवाचं नाव घालणं मला पाप वाटतं.

हाजी अलीतही हे घडलं. बायका पूर्वी मजारीपर्यंत जात होत्या. २०११-१२ च्या सुमाराला त्यांना आत जायची बंदी झाली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झाकिया सोमण कोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली आणि नोव्हेंबरमध्ये बायका पुन्हा आत गेल्या. श्रद्धेच्या गोष्टीत कोर्ट कशाला, असं आमच्याकडेही लोक म्हणतात. अहो, जिला पिराशी काही देणंघेणं नाही, ती कशाला एवढी वर्षं भांडेल? श्रद्धा होती म्हणूनच तर त्या गेल्या.

तुम्हाला भरती लागलीच तर आधी महालक्ष्मीला जाऊन या. वरळीचा बांध टिकेना, तेव्हा समुद्रातून देवींच्या मूर्ती काढून त्यांची स्थापना केली आणि बांध उभा राहिला, अशी तिची आख्यायिका सांगतात. दर्शन होईतो पाणी उतरू लागतं. वाट मोकळी झाली की मधून चाला, कडेच्या शेवाळावर पाय घसरतो. आणि बायकांनो, दर्ग्यात पोहोचलात की दारातूनच हात जोडून मागे फिरू नका, थेट मजारीपाशी जा.