पाटी आणि पोथी

आमचे लोहा हे नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. येथे मी मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे वर्गात एखादा प्रश्न अडला, की मी तो घरी घेऊन येतो आणि रात्री त्याच्याशी भांडत बसतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, तो अजून गेलेला नाही. फराळाच्या ताटात तोच आपल्यापुढे वाढतो आहे. चकलीइतका खुसखुशीत नसला, तर क्षमा असावी.

मी वर्गात वाहतुकीची चिन्हे शिकवत होतो. त्रिकोण म्हणजे सावधगिरीची सूचना, वर्तुळ म्हणजे आज्ञा, चौकोन म्हणजे माहिती. वर्तुळाला लाल कडा असली, की बहुधा मनाई किंवा मर्यादा समजावी. एवढे पाठ झाल्यावर मुलांना रांगेने रस्त्यावर नेले. शाळेच्या अलीकडे कोणीतरी सद्हेतूने, पदरमोड करून एक पाटी लावलेली होती. गोल, लाल कडेची, आत दप्तर घेतलेली दोन मुले. पुस्तकात हेच चित्र त्रिकोणात होते. एक मुलगी पुस्तकाकडे आणि पाटीकडे आळीपाळीने पाहत म्हणाली, "गुर्जी, ह्याचा अर्थ इथं लेकरांना बंदी हाय, असा झाला की!"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण ती हसली नाही. "खरं कोणतं मग? पुस्तकातलं का रस्त्यावरचं?"

"पुस्तकातलं," मी मास्तराच्या अधिकाराने सांगितले.

"मग रस्त्यावर कुणाचं ऐकायचं?"

मी घड्याळाकडे पाहिले आणि मुलांना परत वळवले.

त्या रात्री एका वकील स्नेह्याकडून १९८८ चा मोटार वाहन कायदा मागून आणला. मला वाटले होते, त्यात नुसत्या शिक्षाच असतील. परंतु त्यात पाट्यांविषयी बरेच काही सांगितले आहे. चिन्हांची एक अनुसूचीच कायद्याला जोडलेली आहे. रस्त्यावरच्या चिन्हाचा आकार, रंग आणि अर्थ अनुसूचीप्रमाणेच असावा, इतर कोणतेही चिन्ह उभारू नये, असे तो बजावतो. एखाद्या ठिकाणी वेग कमी करायचा असेल, तर सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी आणि योग्य जागी पाटीही उभारावी, अशा दोन्ही गोष्टी त्यात एकत्र सांगितल्या आहेत. हा 'आणि' मला फार मोलाचा वाटला. कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही, असे आपण ऐकत आलो. पण स्कूटरवर बसलेला माणूस राजपत्र वाचू शकत नाही. त्याचे राजपत्र म्हणजे ती पाटी. कायदा माणसाला ज्या ठिकाणी बांधतो, त्या ठिकाणी त्याने त्याच्याशी बोललेही पाहिजे.

पाटी कशी घडवावी, कोठे रोवावी हे सांगणारी आणखी एक पोथी आहे, ती अभियंत्यांची. देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे जयकर. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस जन्माला आली. तिने केलेली रस्त्यावरील चिन्हांची संहिता अनुभवाप्रमाणे सुधारत गेली. २०१२ साली सुधारली, २०२२ साली पुन्हा सुधारली. म्हणजे एक पोथी संसदेची आणि दुसरी अभियंत्यांची. एक सावकाश चालणार, दुसरी भराभर. दोघींचा मेळ कोणी सतत घालत राहिले नाही, तर अभियंता नव्या चिन्हाप्रमाणे पाटी लावील आणि न्यायालय जुनी अनुसूची उघडून बसेल. मधल्या मध्ये सापडेल तो गाडीवाला.

आपल्याकडे दोन पंचांगे असली, तरी कोणाचे बिघडत नाही. २०२४ साली लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी करायचे यावर देशभर वाद झाला. कोणी ३१ ऑक्टोबरला दिवे लावले, कोणी १ नोव्हेंबरला. एका घरच्या दिव्याने दुसऱ्या घरी अंधार पडला नाही. रस्त्यावर मात्र दोन पंचांगे चालत नाहीत. तेथे माझा अर्थ आणि समोरून येणाऱ्याचा अर्थ एकच असावा लागतो, कारण आमची गाठ पडणार ती क्षणाचीच. आमच्या जवळच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे घेऊन परप्रांतांतून माणसे येतात. कोणाला मराठी वाचता येते, कोणाला नाही. त्रिकोण मात्र सर्वांना वाचता यावा. १९६८ साली व्हिएन्नात अनेक राष्ट्रांनी मिळून चिन्हांचा करार केला, त्याच्या मुळाशी हाच विचार होता.

येथवर सारे दोष मी दुसऱ्यांच्या माथी मारले, आणि मनाला बरे वाटू लागले. पण प्रश्न तेवढ्यावर सुटला नाही.

पंधरा दिवसांनी मी स्कूटरवरून जरा वेगात येत होतो. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माझे भाषण होते आणि उशीर झाला होता. गावात शिरताना एक मूल आडवे आले. ब्रेक लागला, मी पडलो, मुलाला काही झाले नाही. त्याची आजी धावत आली. मी उठत उठत म्हणालो, "आजी, इथं वेगाची पाटी होती, ती दिसली नाही."

आजीने नातवाला पोटाशी धरले. "पाटी दिसली नाही म्हन्ता गुर्जी, पन लेकरू तर दिसलं का नाही?"

मी वर पाहिले. पाटी जागच्या जागी होती. तिच्यावर एक कापडी फलक बांधला होता. व्याख्यानमालेचा. त्यावर ठळक अक्षरांत माझेच नाव होते. आदल्या दिवशी खांब सोयीचा दिसला म्हणून तो बांधताना मीच खालून दोरी धरली होती! वाहतुकीचे चिन्ह झाकणारी जाहिरात पोलिसांनी काढून टाकावी, असे कायद्यात लिहिलेले मी स्वतः वाचले होते. वाचले होते, पण आपल्या नावाचा फलक ही जाहिरात असते, हे सुचले नव्हते.

आता मला असे वाटते. पाटी आणि पोथी यांत मेळ नसेल, तर दंड मागण्याचा शासनाचा नैतिक हक्क दुबळा होतो. मोडलेल्या वजनाने तोलणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला लबाड म्हणू नये. २०१९ च्या दुरुस्तीने रस्ता बांधणाऱ्या आणि राखणाऱ्यांनाही जबाबदार धरले. ठरलेली मानके न पाळल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झाला, तर त्यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे योग्यच झाले. परंतु शासनाचा हक्क दुबळा झाला, म्हणून माझे कर्तव्य दुबळे होत नाही. पाटी चुकली, तर मी कदाचित दंडातून सुटेन. आजीच्या प्रश्नातून सुटणार नाही. पाटी नव्हती तेव्हाही लेकरू होतेच. त्याच्यासाठीच तर पाटी रोवली.

फलक मी त्याच संध्याकाळी उतरवला. भाषणाला माणसे थोडी कमी आली. दुसऱ्या दिवशी वर्गात सर्व हकिगत सांगितली, फलकासकट. मग त्या गोल पाटीबद्दल सगळ्यांनी मिळून एक अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, खाली पुस्तकातला त्रिकोण काढून. उत्तर अजून आलेले नाही. ती मुलगी रोज सकाळी विचारते, आणि मी रोज खरे तेच सांगतो.