काढलेले विष ठेवावयाचे कोठे?

उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले, तंबाखूच्या काड्या या वस्तूंना आपल्या निपाणी-बेळगाव भागात हंगाम संपल्यावर फारसे मोल उरत नाही. पुष्कळदा त्या शेतातच पेटवून दिल्या जातात. पण हाच काडीकचरा बंद भांड्यात, आत हवा जवळजवळ जाऊ न देता, ३०० ते ७०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजला तर त्याची राख न होता कोळसा होतो. शास्त्रज्ञ त्याला बायोचार म्हणतात. त्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू त्याला चिकटून राहतात. आम्ल, अल्कली किंवा लोहाचे क्षार यांचा संस्कार केला, तर साध्या कोळशाला नीट न धरता येणारे क्रोमियम आणि आर्सेनिकही तो धरू शकतो.

टाकाऊ वस्तूने पाणी शुद्ध व्हावे ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु वाचकहो, येथे एक प्रश्न उभा राहतो. पाण्यातून विष निघाले म्हणजे आपले कर्तव्य संपले काय?

प्रथम या विषाचा स्वभाव समजून घेऊ. पाणी उकळले की रोगजंतू मरतात, पण धातू मरत नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. आपल्या देशातील मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, म्हणजे एक लाख लिटर पाण्यात अवघा एक ग्रॅम! कॅडमियमची मर्यादा तर ०.००३ मिलिग्रॅम आहे. जपानात जिंझू नदीच्या काठी खाणीतले कॅडमियम पाण्यावाटे भातशेतीत उतरले. तो भात खाऊन कित्येकांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची, हाडे ठिसूळ झाली. त्यांच्या कण्हण्यावरून त्या रोगाला ‘इताइ-इताइ’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे नाव पडले. १९६८ साली तेथील सरकारने त्याचे कारण मान्य केले. भात पिकविणाऱ्या आपल्या बेळगावकरांना ही कथा परकी वाटू नये.

बेळगाव हे ओतकामाचे आणि हायड्रॉलिक यंत्रांचे गाव आहे. हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यावर क्रोमचा कठीण थर चढवितात. त्या कामाच्या हौदात क्रोमियमचे अत्यंत विषारी रूप वापरले जाते. दांडा धुतलेले पाणी शुद्ध न करता सोडले, तर ते ओढ्याला आणि पुढे विहिरीला मिळते. या धंद्यावर अनेक घरांची चूल पेटते, हे आपण विसरत नाही. म्हणूनच हा प्रश्न परक्यांचा नसून आपल्याच मंडळीतील कामगारांचा, मालकांचा आणि शेतकऱ्यांचा आहे.

निर्गमाच्या पुस्तकात मारा येथील कडू पाण्याची गोष्ट आहे. मोशेने पाण्यात झाडाचे लाकूड टाकले आणि पाणी गोड झाले. तेथे तो कडूपणा गेला कोठे, असे विचारावयाची गरज नव्हती, कारण ते देवाचे कृत्य होते. आपल्या हातच्या कोळशाविषयी मात्र हे विचारावेच लागेल. धातू नाहीसा होत नाही, तो केवळ पाण्यातून कोळशात जातो. कोळसा भरला की तो पुढे काही धरीत नाही. आम्लाने धुवून तो पुन्हा वापरता येतो, पण मग ते आम्लच विषारी होते.

आता आपल्या घरची रीत आठवा. काटकसरी माणूस कोळसा फेकीत नाही, तो चुलीत घालतो. अशा कोळशातले विष धुरातून आणि राखेतून घरात पसरेल. बायोचार जमिनीला उपकारक असतो, असे ऐकलेला शेतकरी तो उकिरड्यावर टाकील आणि तेथून शेतात नेईल. कारखान्याच्या पाण्यातून काढलेला धातू अशा रीतीने भाकरीत परत येईल. म्हणून पाणी गाळलेला कोळसा जाळू नये, खतात मिसळू नये. तो वेगळा, झाकून ठेवून घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत ठिकाणीच पोहोचविला पाहिजे.

हे ओझे कोणी वाहावे? कोणी म्हणेल, “विहीर आज बिघडली आहे. न्याय होईपर्यंत गरिबाने तहानलेले राहावे काय?” मुळीच नाही. पाण्याची तपासणी करून, जाणत्याच्या देखरेखीखाली, आजच उपाय करावा. पण स्वस्त उपाय हाती आला म्हणून मूळ दोष क्षम्य होत नाही. खालच्या गावची बाई घरी कोळशाचे गाळणे लावू लागली, म्हणून वरच्याने नळी मोकळी सोडावी, हा न्याय नव्हे. ज्याच्या हौदातून विष निघते त्याच्याच दारी हा कोळसा असावा, भरलेल्या कोळशाचा हिशेबही त्यानेच द्यावा आणि तो खर्च मालाच्या किमतीत धरावा. तो माल स्वस्त मागणाऱ्या आपणा सर्वांनाही त्यातला वाटा उचलावा लागेल.

वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणीकडे येते आणि दूधगंगेला मिळून कृष्णेला जाते. त्यामुळे आपण सारेच कोणाच्या तरी खाली आणि कोणाच्या तरी वर राहतो. वरच्याने आपल्याशी कसे वागावे हे आपल्याला चांगले समजते. खालच्याशी आपणही तसेच वागू या.