बाळंतपण कोणी करायचं?

मराठी भाषेची एक गंमत आहे. मूल होतं एकीला आणि बाळंतपण करते दुसरीच! "तिची तिन्ही बाळंतपणं मी केली," हे आमच्या आत्याबाई ज्या ऐटीत सांगत, तेवढ्या ऐटीत एव्हरेस्ट चढून आलेला माणूसही बोलत नसेल. जिनं कळा सोसल्या ती नुसतीच 'बाळंत होते'. 'केलं' हे क्रियापद मिळतं ते अळिवाचे लाडू वळणारीला, शेक-शेगडी करणारीला आणि मध्यरात्री रडकं पोर खांद्यावर घेऊन फेऱ्या घालणारीला.

मला तर यात भाषेचं शहाणपणच दिसतं. हे काम एकटीचं नव्हे, हे व्याकरणानं केव्हाच मान्य करून टाकलंय. माणसांचं मात्र अजून ठरत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणजे वंश वाढणार सासरचा आणि वाण्याची उधारी वाढणार माहेरची! नवरोजींच्या वाट्याला काय, तर पेढे वाटणं.

सातव्या महिन्यात आपण तिला फुलांची वाडी भरतो, झोपाळ्यावर बसवतो, फोटो काढतो. एकदा मूल झालं की सगळ्या माना पाळण्याकडे वळतात. नाक कुणाचं, रंग कुणाचा, यावर दोन्हीकडच्या मंडळींचे वाद रंगतात. "तू रात्री झोपलीस का गं?" एवढं विचारायला मात्र कुणाला सवड नसते.

तरी हे झालं चार माणसांच्या घरातलं. माझ्या नातवाला न्हाऊ-माखू घालायला एक बाई येत. त्यांच्या पायांवर पालथा पडला की पोरगा कसा सुखानं डुलायचा! एकदा मी सहज विचारलं, "तुमचं बाळंतपण कोणी केलं हो?"

त्या म्हणाल्या, "कोण करणार काका? आपलं आपणच झालं. बाराव्या दिवशी कामावर गेले. नाहीतर दोन घरं सुटली असती."

'केलं' नाही, 'झालं'. माझं सगळं व्याकरण तिथेच गप्प झालं.

मुंबई इलाख्यात कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूतीचा कायदा झाला १९२९ साली. त्याआधी १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात सांगितलं होतं, की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलावा. पुढे १९६१ च्या कायद्यानं देशभर बारा आठवड्यांची भरपगारी रजा आली आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली. उत्तमच झालं. पण हजेरीपटावर जिचं नाव नाही, तिनं रजेचा अर्ज द्यायचा कुणाला? धुण्याच्या दगडाला?

घरकामाच्या बाईंना दिवस गेल्याचं कळलं की आपला पहिला प्रश्न असतो, "बदली कोण देणार?" माझं म्हणणं इतकंच, की तिच्या बदलीइतकीच तिच्या पगाराचीही चौकशी व्हावी. दोन-तीन महिने तो चालू ठेवला म्हणून आपण काही कर्ण होत नाही. आपण सगळेच कुणाच्या तरी रात्रीच्या जागरणावर वाढलोय. ते देणं त्याच माणसाला फेडता येत नाही. पुढच्याच कुणाला तरी द्यावं लागतं. आणि 'उपकार' हा शब्द काढायचाच असेल, तर तो घेणाऱ्यानं काढावा. देणाऱ्यानं आपलं बाळाला झबलं-टोपडं न्यावं, आणि त्याआधी आईला विचारावं, "जेवलीस का?"