दात पाहणाऱ्याचे इमान

आमच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तेव्हा तेथे गाढवांचा मोठा बाजार असतो. गिऱ्हाईक येते, जनावराचे तोंड उघडते, दात पाहते आणि वय ठरवते. यात लबाडी काही नाही. ओझ्याचे जनावर घेताना डोळे मिटून पैसे कोण मोजील? पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दात पाहायला बरोबर आणलेला जाणकार घेणाऱ्याच्या बाजूचा असतो. गाढवाच्या बाजूने त्या बाजारात कोणी आलेले नसते.

हे सुचायला कारण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्याच्या हिशोबाने. दोन जिवांचे एक अवजार करून टाकणारी ही भाषा माझ्या कानाला अजून सरावाची झालेली नाही. तर या कोयत्याची मुलगी मानसशास्त्र घेऊन एम. ए. झाली आणि एका कारखान्यात कामगारांच्या मनाचा अभ्यास करण्याच्या जागेवर लागली. तिच्या पगारातून घरची उचल फिटली. आता तेथे नवी यंत्रे यायची आहेत. तिला हुकूम झाला आहे की, कामगारांच्या चाचण्या घे आणि नव्या कामात कोण टिकेल, कोण टिकणार नाही, याची यादी दे. ती लिहिते, “सर, ही माणसे माझ्यापुढे मन उघडतात. मग मी त्यांची की कारखान्याची?”

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून मला माणसाचे मन कळते, असा तिचा भाबडा समज आहे. परंतु तिची शंका शास्त्राची नाही, इमानाची आहे; आणि तिथे पदवीवाचून फारसे अडत नाही.

या विद्येचे मूळ पाहिले तर मन थोडे कचरते. अमेरिकेत टेलरसाहेबांनी लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुराचे काम दिवसाला साडेबारा टनांवरून सत्तेचाळीस टनांवर नेल्याची कथा सांगितली आणि अशा कामाला बुद्धीने बैलासारखा माणूस बरा, असे 1911 च्या आपल्या पुस्तकात निःसंकोच लिहून ठेवले. साहेबांना बैल आठवला, मला मढीचा बाजार आठवतो. अंतर फारसे नाही.

पण याच विद्येची दुसरी वाट आपल्या शेजारी अहमदाबादेत निघाली. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते, तरी कापड मनासारखे निघत नव्हते. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे गेले. 224 मागांवर 29 माणसे. एकाचे काम सूत जोडण्याचे, दुसऱ्याचे तेलपाण्याचे, तिसऱ्याचे आणखी काही. पुऱ्या कापडाचा धनी कोणीच नाही. राइस यांनी कोणाला नालायक ठरवले नाही. थोड्या मागांची सगळी जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, एवढे त्यांनी सुचवले. गट कोणाकोणाचे, हे कामगारांनीच जमवले. कापड सुधारले, नासाडी घटली. पुढे ती घडी सगळीकडे टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. सोयीचे तेवढेच सांगणे हा वकिलाचा धर्म झाला. पण त्यांनी माणसाआधी काम तपासले, हे मला फार मोठे वाटते.

मग चाचण्या टाकूनच द्याव्यात काय? तसे मला वाटत नाही. चाचणी नसली तर यादी व्हायची थांबत नाही. ती वशिल्याने होते. साहेबाच्या पुढेपुढे करणारा राहतो, तोंडाने फटकळ पण हाताने कसबी असा जातो. नीट घेतलेली चाचणी त्या फटकळ माणसाचा एकुलता साक्षीदार ठरू शकते. शिवाय नोकरीवर लाथ मार, असे सांगणे मला शोभत नाही. त्या पगारावर कोणाचे किती पोट आहे, हे मी जवळून पाहिले आहे. तिची खुर्ची रिकामी झाली तर तिथे दुसरा कोणी बसेल, आणि त्याला हा प्रश्न पडेलच असे नाही.

म्हणून मी तिला लिहिले: “तू कारखान्याचा पगार घेतेस, म्हणून त्याच्याशी खोटे बोलू नकोस. पण ज्याने मन उघडले, त्याला न सांगता ते दुसऱ्याला दाखवणे ही चोरीच. कागद कोणाकोणाच्या हाती जाणार, हे कामगाराला आधी सांग. त्याचा निकाल त्याला त्याच्या भाषेत समजावून दे. ‘टिकणार नाही’ एवढेच लिहून सही करू नकोस. काय शिकवले आणि किती दिवस दिले तर टिकेल, ते लिही. आणि यंत्रावरचे काम कसे वाटायचे, हे एकदा त्या माणसांनाच विचारून पाहा.”

यातले किती तिला पेलेल, मला सांगता येत नाही. उसाच्या फडात तर तोडणीची यंत्रे उतरली आहेत, आणि तिथे कोयत्याची चाचणी घ्यायलाही कोणी येत नाही. मुकादम फक्त यंदा इतके कोयते नकोत म्हणतो. परवा तिची चिठ्ठी आली. वरिष्ठांनी शिकवण्यासाठी सहा आठवडे मान्य केले आहेत. तिने तीन महिने मागितले होते. कामगारांना निकाल दाखवण्याविषयी ते अजून काही बोललेले नाहीत. दिवाळीनंतर ती पुन्हा विचारणार आहे.