खाडाखोड

भाचीच्या चित्रकलेच्या वहीत बाईंनी लाल शाईने शेरा मारला: 'खाडाखोड फार. चित्र स्वच्छ काढावे.' तो शेरा आठवडाभर माझ्या डोक्यातून गेला नाही. वही उजेडाकडे धरली की कुत्र्याचे आधीचे दोन पाय दिसतात. रबर घासून तिथला कागद विरलाय. पण तो कुत्रा पळतोय असं वाटतं ते त्या पुसट पायांमुळेच.

खोडणं आणि पुसणं यांत मी कायम फरक करत आलो. खोडलेलं रेघेखाली दिसत राहतं. पुसलेलं गेलं ते गेलंच. जोहान्सबर्गचे चित्रकार विल्यम केंट्रिज पुसतात, पण ते खोडल्यासारखं मागे उरतं. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर कोळशाने काढायचं, कॅमेऱ्यापाशी जाऊन एखाददुसरी फ्रेम टिपायची, परत येऊन थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं. 1989 पासून त्यांच्या किती तरी फिल्म अशाच झाल्या. माणूस हलला की मागे करडा डाग राहतो. 1994 च्या 'फेलिक्स इन एक्झाइल'मध्ये माळावरची प्रेतं वर्तमानपत्रांनी झाकली जातात आणि मातीत जिरतात.

लहानपणी वकील वडिलांच्या खोलीत केंट्रिजना एक पिवळी पेटी दिसली. चॉकलेटं असतील म्हणून उघडली, तर आत दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल इथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात मेलेल्यांचे फोटो. असं मूल मोठं होऊन स्वच्छ कागदावर कसा विश्वास ठेवील?

माझा एक चित्रकार मित्र म्हणतो, केंट्रिजच्या कागदांचा एवढा मोठा आकार ही संग्रहालयांच्या उंच भिंतींची भूक आहे. काहींच्या बाबतीत असेलही. पण लहान कागदावर बोटं पुरतात; इथे खांद्यापासून हात फिरतो, पुसतानाही तेवढाच, म्हणून डागसुद्धा माणसाएवढे होतात. मित्राला हे पटलेलं नाही.

मग मी त्याला रोमबद्दल सांगितलं. 2016 मध्ये टायबरच्या काठच्या भिंतीवर केंट्रिजनी सुमारे 500 मीटर लांबीची मिरवणूक उभी केली, काही आकृत्या 10 मीटर उंच. कोळसा नाही, रंग नाही. साचे लावले आणि भोवतीची काजळी पाण्याच्या फवाऱ्याने धुतली. जो मळ राहिला त्याची रोमच्या दंतकथेतली लांडगीण झाली, खून झालेल्या चित्रपट दिग्दर्शक पासोलिनीचं प्रेत झालं. बाईंचा 'स्वच्छ' शब्द इथे मला अडवतो, कारण स्वच्छ करूनच हे चित्र निघालं आहे, आणि धुतलेली भिंत काळवंडत जाते तसं ते बुडतंही आहे. डाग टिकावा असं मी इतका वेळ म्हणतोय, तर ही भिंत दर काही वर्षांनी पुन्हा धुवा, असंच मी म्हणायला हवं. पण तशी जपली तर तिचा विजयस्तंभ होईल, आणि ते रोममध्ये आहेतच. बुडू द्यावी, असं आता वाटतं. पासोलिनीच्या अंगावरची काजळी आणि शेजारच्या दगडावरची काजळी एक होईपर्यंत.