रॉबर्ट हूकचा चेहरा काढताना

कागद समोर घ्या. मऊ शिशाची पेन्सिल असू द्या. खोडरबर जवळ ठेवा, पण उचलायची घाई नको. आपल्याला सतराव्या शतकातल्या इंग्रज शास्त्रज्ञाचा, रॉबर्ट हूकचा चेहरा काढायचा आहे आणि समोर ठेवायला नमुना नाही. नक्की त्याचंच म्हणता येईल असं त्याच्या हयातीतलं एकही चित्र उरलेलं नाही. एक होतं, ते त्याच्याशी भांडण असलेल्या न्यूटनने नाहीसं केलं, अशी वदंता आहे. पुरावा नाही. ती वदंता आत्ता डोक्यात नको, नाहीतर पहिल्याच रेघेत तुम्ही हूकचे वकील होऊन बसाल.

हाती आहेत ते दोन मित्रांचे शब्द, जॉन ऑब्री आणि रिचर्ड वॉलर यांचे.

पाठीपासून सुरुवात करू. मध्यम उंची, खांद्यांत बाक. सोळाव्या वर्षापर्यंत हा मुलगा सरळ होता, मग लेथवर वाकून काम करता करता कणा वाकडा झाला, असं वॉलर लिहितो. पण चाल मात्र झपझप. तो वेग खांद्याच्या उतारात उतरतोय का, पाहा. १६६६च्या आगीनंतर लंडनच्या जळक्या जागा मोजत हिंडलेला माणूस आहे हा.

डोकं मोठं, कपाळ रुंद, रंग फिकट, हनुवटीकडे चेहरा निमुळता. आता डोळे. इथे हात थांबवा.

डोळे करडे आणि टपोरे, यावर दोघांचं एकमत. पण ऑब्रीला त्यांत चपळाई दिसली नाही. वॉलर म्हणतो, तरुणपणी नजर तीक्ष्ण होती. कोणाचं ऐकायचं? हूकलाच विचारू. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींच्या १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात त्याने पिसू काढली, ती सुमारे दीड फुटांच्या घडीच्या पानावर. प्रस्तावनेत तो माशीच्या डोळ्याबद्दल सांगतो : एका उजेडात तो भोकाभोकांच्या जाळीसारखा दिसतो, उन्हात सोन्याचे खिळे ठोकल्यासारखा, बाजू बदलली की शंकूंनी भरलेला. म्हणून निरनिराळ्या उजेडांत पाहून खरा आकार कळेपर्यंत तो चित्राला हात घालत नसे. असा डोळा वरून मंद वाटू शकतो. पापणी किंचित जड ठेवा, बुबुळ स्थिर.

श्वास संथ चालू द्या. आता त्याचीच पद्धत त्याच्यावर वापरू.

वॉलरच्या सांगण्यानुसार तोंड बेताचं, वरचा ओठ पातळ. पातळ ओठ काढताना हात आपोआप तो आवळतो, कारण न्यूटनशी झालेलं भांडण आपल्याला ठाऊक असतं. कडवटपणा आपणच आणून टाकतो. हाच ओठ गॅरावेच्या कॉफीघरात गप्पा मारताना कसा हलेल? रेन हा त्याचा मित्र, समोर बसलाय असं समजा. कोपरा थोडा सैल सोडा.

पण फार सोज्वळही करू नका. त्याची पुतणी ग्रेस त्याच्याच घरी वाढली, आणि तिच्याशी असलेल्या शरीरसंबंधांच्या खुणा त्याच्या रोजनिशीत आहेत. १६८७ मध्ये ती गेली. त्यानंतर तो खचला, असं वॉलर लिहितो. अन्याय झालेला बिचारा शास्त्रज्ञ, हा चेहरा मला पूर्वी फार आवडायचा. ती रोजनिशी कळल्यापासून तो कागदावर टिकत नाही. ओठाचा कोपरा मी आता सैलही ठेवत नाही, आवळतही नाही. रेघ मध्येच तुटू देतो.

राहिले केस. ऑब्रीने पाहिले ते सुंदर, तपकिरी, कुरळे. वॉलरने पाहिले ते न कापलेले, चपटे, तोंडावर लोंबणारे. दोन्ही एकाच कागदावर बसवायला गेलात तर भलतंच काहीतरी होईल. त्यापेक्षा दुसरा कागद घ्या. पहिल्यावर तरुण हूक, दुसऱ्यावर ग्रेसनंतरचा, दोन्हींवर नाक तेच, सडपातळ आणि बेताच्या लांबीचं. मृत्यूच्या सुमारे तीन वर्षं आधी त्याने केस कापले आणि टोप घालायला सुरुवात केली. त्याच्यासाठी तिसरा कागद लागेल.