एकान्त कोठे शोधावा ?

श्रावणात जोगेश्वरीस आमचे कीर्तन झाले. "एकान्त मनात असतो, तो रानात जाऊन शोधावा लागत नाही," असे आम्ही ठासून सांगितले. आरती झाल्यावर एक माउली पाया पडून म्हणाल्या, "महाराज, एका खोलीत आम्ही सात माणसं. घटकाभर दार लावून बसायला जागा नाही. मनातला एकान्त आणायचा कुठून ?" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळीच जोगेश्वरीच्या लेण्यात गेलो. इसवी सनाच्या सहाव्या शतकातले हे शैव लेणे. पायऱ्या उतरून आत जावे. मध्ये गाभाऱ्यात शिवलिंग, शिवाय देवीचे ठाणे. भोवती वस्ती दाटलेली. भिंतींवरची शिल्पे झिजून गेलेली, वरून पावसाचे थेंब ठिबकत होते. डोळे मिटून बसलो, आणि काय सांगावे ! ज्या मनात एकान्त असतो म्हणून सांगितले, त्याच मनात कालची वाहवा घुमत होती. दगड निवान्त, आम्ही मात्र नाही.

मग स्थळाचा उपयोग काय ? उपयोग हाच की, आमचा गलबला आम्हाला ऐकू आला. माणसांच्या गर्दीत तो ऐकू येत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी एकान्तस्थळाची आवड सांगितली, ती उगाच नव्हे. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, आणि कीर्तनाला देहूत लोकांमध्ये उभे राहत. रान हा आरसा आहे. तोंड आरशात पाहावे, धुवावे मात्र घरी येऊन.

ज्यांच्यापाशी आरसाच नाही, त्यांना आम्ही म्हणालो, आरशाची गरज काय ! जेवलेल्याने उपाशी माणसाला उपासाचे माहात्म्य सांगावे, तशातली गत. ही चूक आमची.

तेव्हा सज्जनहो, त्या माउलीचे उत्तर तिच्या एकटीपाशी नाही, घरातल्या बाकीच्या सहा जणांपाशी आहे. निदान एकादशीला तरी पहाटेचे पाणी दुसऱ्या कोणी भरावे, चूल दुसऱ्या कोणी पेटवावी, आणि तिला म्हणावे, "आई, तू लेण्यात जाऊन ये." एकान्त आपल्याला मिळावा म्हणून सारेच धडपडतात. तो दुसऱ्याला देता येतो, हे आम्हाला साठी उलटल्यावर कळले. अन्नदानासारखेच हेही दान आहे.

रामकृष्णहरि !